ताईच्या नावाचा स्वेटर

आयुष्यात मी विणलेला सगळ्यात सुंदर स्वेटर मी माझ्या बहिणीची वाट लावायला विणला. लोक म्हणतात, जीव ओतला की काम चांगलं होतं. मी त्यात राग ओतला होता, आणि तो स्वेटर माझ्या बाकीच्या सगळ्या कामापेक्षा सरस झाला.

आम्ही मुलुंडला राहायचो, दोन खोल्यांत. तिथे थंडी म्हणजे डिसेंबरात सकाळी पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना शहारा यायचा, एवढीच. तरी मला विणायचं वेड. घरामागच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी बाईंकडून मी शिकले होते. त्या दारात वेताच्या मोड्यावर बसून गप्पा मारत विणायच्या, हाताकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मी त्यांच्या पायाशी बसून सुलट-उलट टाके घालायला लागले आणि सोळाव्या वर्षी त्यांच्याही पुढे गेले. हे त्याच म्हणाल्या होत्या. मग वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला हातमोजे, मामाला मफलर, शेजारच्या वहिनींच्या बाळाला टोपडं आणि पायमोजे. मुंबईत हातमोजे घालणार कोण? पण मैत्रिणीनं ते घालून भर दुपारी मला घाम पुसून दाखवला होता. देताना समोरच्याच्या तोंडावर जे यायचं, त्याच्यासाठी मी विणायची. मला दुसरं काहीच धड येत नव्हतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा डावा डोळा किंचित तिरका होता. तेवढ्यावरून तिला सात जणांनी नाकारलं. "मुलगी चांगली आहे, पण पत्रिका जुळत नाही," असं पोस्टकार्ड यायचं आणि आई ते तांदळाच्या डब्यामागे खोचायची. आठव्या वेळेपासून आईनं नवी युक्ती काढली. मुलाकडची माणसं यायच्या आदल्या दिवशी मला घरोघर पिटाळायची, मी दिलेल्या भेटी परत मागून आणायला. मामाचा मफलर, वहिनींच्या बाळाचं टोपडं, अगदी मैत्रिणीचे हातमोजेसुद्धा. दिलेली वस्तू मागताना माझी मान खाली जायची. वहिनी एकदा बाळाच्या डोक्यावरचं टोपडं काढून देत म्हणाल्या, "पुढच्या वेळी भाड्यानंच दे गं." मग हे सगळं इस्त्रीच्या चादरीवर मांडलं जायचं, आणि पोह्यांच्या बशा फिरत असताना आई म्हणायची, "सगळं हिनंच केलंय हो." ही म्हणजे ताई. ताईला फक्त सरळ पट्टी विणता यायची, तीही एका बाजूनं फुगायची. मी तेव्हा स्वयंपाकघरात स्टोव्हला पिन मारत बसलेली असायची.

ताईनं एकदा तरी लाजावं, अशी माझी अपेक्षा होती. ती लाजली नाही. एका पाहुणीनं नक्षी कशी घातली म्हणून विचारलं, तर ताईनं माझ्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी तिला म्हणून दाखवली. रात्री अंथरुणं घालताना मी भांडले, तर म्हणाली, "तुझं काय जातंय गं? तू टाइमपास म्हणूनच करतेस ना? माझं लग्न अडलंय इथे." तिचं चुकत नव्हतं. पण "टाइमपास" हा शब्द माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

कांदिवलीच्या एक बाई मुलासाठी ताईला बघायला आल्या तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यांनी मफलर उचलला आणि सरळ उलटा केला. ज्याला विणकाम कळतं तो आधी मागची बाजू बघतो. गाठी कुठे मारल्यात, धागा कुठे जोडलाय, हात घट्ट आहे की सैल, ते तिथे दिसतं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हात एकसारखा आहे. मला अशीच सून हवी होती." आईनं ओशाळून डोळ्याचा विषय काढला, तर बाई हसल्या. "डोळ्याचं काय घेऊन बसलात? विणताना खालीच बघायचं असतं." ताईसुद्धा हसली. बिचारी, इतक्या नकारांनंतर ती कशालाही हसली असती.

सुपारी फुटली आणि बाईंनी बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर धाडली. मुलासाठी स्वेटर, लग्नातल्या रुखवतात मांडायला, सूनबाईंच्या हातचा. आईनं ती पिशवी ताईपुढे नव्हे, माझ्यापुढे ठेवली. "साधाच कर," आई म्हणाली, "चटकन होईल."

मी साधा केला नाही. मी वेणीची नक्षी घेतली. पुढे तीन वेण्या, पाठीवर तीन, बाह्यांवर एकेक, आणि वेण्यांच्या मधे बारीक जाळी. वेणी घालायची तर दोन सुयांखेरीज एक तिसरी आखूड सुई लागते. चार टाके तिच्यावर काढून ठेवायचे, पुढचे विणायचे, मग ठेवलेले आत घ्यायचे. एक टाका हुकला की खालपर्यंत उसवायला लागतं. मी दोन महिने कॉलेजातून आल्याआल्या बसायची. माझा हिशोब सरळ होता. साधा स्वेटर केला असता तर ताईनं सासरी रडतखडत तसाच दुसरा केला असता. हा तिला सात जन्मांत जमणार नव्हता. आणि असा स्वेटर बघितल्यावर त्या बाई दुसरा मागितल्याशिवाय राहणार नव्हत्या.

ताईला शंका आली होती. अर्धी पाठ झाली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि वेणीवरून बोट फिरवत म्हणाली, "जरा जास्तच होतंय का गं? मला तिथे कुणी कर म्हटलं तर?"

"तेव्हा मी आहे ना," मी म्हटलं.

तिनं माझ्या गालाला हात लावला. मी टाके मोजत राहिले.

लग्नात रुखवताच्या टेबलावर अनारसे आणि साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या मधोमध तो स्वेटर हँगरला लटकत होता. त्यावर मामानं वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली होती, 'वधूने स्वतः विणलेला'. मे महिना होता. तरी सासूबाईंनी मुलाला तो सगळ्यांसमोर घालून दाखवायला लावला. भावोजी घामानं निथळत उभे होते आणि बायका त्यांना गोल फिरवून वेण्या बघत होत्या. आईनं त्या गर्दीतून माझ्याकडे बघून हात जोडले. मी किती मोठ्या मनाची, असं तिला वाटलं असावं.

ऑगस्टमध्ये ताई माहेरी आली ती पिशवी घेऊन. दादरला गाडी बदलून, छत्री सांभाळत, पिशवीवर पदर धरून आली होती. आत राखाडी लोकर. धाकट्या दिराला अगदी तसाच हवा होता.

"दिवाळीपर्यंत दे," ती म्हणाली. "मी सांगितलंय, माहेरी निवांत बसून करते म्हणून."

"मला नाही जमणार."

"अगं, असं काय करतेस? तू म्हणाली होतीस ना, मी आहे म्हणून?"

"टाइमपास करायला वेळ नाही मला, ताई. परीक्षा आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती रडली, पाया पडते म्हणाली, आईनं मला शिव्या घातल्या, जेवण बंद केलं. मी हलले नाही. संध्याकाळी ताई पिशवी उचलून गेली तेव्हा मला बरं वाटलं. अगदी छातीत गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

जानेवारीत तिची पहिली संक्रांत. आई आणि मी कांदिवलीला हळदीकुंकवाला गेलो. ताई काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसली होती. वीस-पंचवीस बायका होत्या. वाण लुटून झाल्यावर सासूबाई आतून दोन वस्तू घेऊन आल्या, हिरवा स्वेटर आणि एक राखाडी पाठ, सुईसकट. राखाडीवर वेण्या नव्हत्या, नुसत्या गुठळ्या होत्या. त्यांनी दोन्ही बायकांत फिरवायला दिलं.

"बघा हो, एकाच हातचं आहे. पाच महिने लागलेत एवढ्याला." मग आईकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, लग्नानंतर मुलीचा हात बदलतो का हो?"

उत्तराची वाट न बघता बाईंनी राखाडीतली सुई उपसली, धागा धरला आणि ओढायला लागल्या. सावकाश, ओळीमागून ओळ. कुरळी झालेली लोकर ताईच्या मांडीवर पडत होती, हलव्याच्या हारात अडकत होती. ताई खाली बघत होती. विणताना बघायचं असतं तसंच.

मग बाईंची नजर माझ्या हातांवर आली. माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकाला सुईनं पडलेला घट्टा होता, तो अजून आहे. त्यांनी विचारलं, "तुला येतं का गं विणायला?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. कुणीतरी एकदा विचारावं, आणि मी हो म्हणावं. हो म्हटलं असतं तर आमची फसवणूक उघडी पडली असती, आईची लाज गेली असती, पण ताई त्या पाटावरून उठली असती. तिला येत नाही एवढं एकदा कळलं असतं, तर पुन्हा कुणी सुया हातात दिल्या नसत्या. ताईनं मान वर केली. तिचा तो डोळा आणि दुसराही, दोन्ही माझ्यावर होते.

"मला? नाही बाई," मी म्हटलं. "विणायचं सगळं ताईच करते."

आणि तिळगूळ तोंडात टाकला.

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. "येतंय, पण करत नाही. करून घेऊ." त्यांनी सुया ताईच्या हातात दिल्या.

त्यांनी करून घेतलं. रोज दुपारी गॅलरीत बसवून, रोज संध्याकाळी उसवून. हे आई मला सांगायची, मी विचारायची नाही. सहा वर्षं. ताईला एकदा दिवस राहिले आणि गेले, तेव्हाही अंथरुणात सुया होत्या म्हणे. पण ताई शिकली. तिचा हात माझ्याहून घट्ट झाला. मग मामाच्या नातीला, वहिनींच्या धाकट्याला, नात्यातल्या प्रत्येक बाळाला ताईच्या हातचा लोकरीचा सेट जायला लागला. लोक म्हणायचे, असं काम दुकानात मिळत नाही.

माझ्या मुलाच्या बारशाला ती आली. मी घाटकोपरला होते तेव्हा. तिनं बाळाला घेतलं, त्याच्या तळव्यांवरून अंगठा फिरवला, आणि मला पुडकं दिलं. बायका जवळ सरकल्या, ताईच्या हातचा सेट बघायला. मी दोरा सोडला. आत लोकरीचे नऊ गुंडे निघाले, हिरवे. जुना स्वेटर उसवला की लोकर वाफेवर धरतात, म्हणजे ती सरळ होते. ताईनं धरली नव्हती. वेणीचा प्रत्येक पीळ त्या धाग्यात तसाच्या तसा होता.

"अगं, नुसती लोकरच?" शेजारीण म्हणाली. "बाळाला काही विणलं नाहीस?"

"ह्यांना आता घट्ट होत होता, म्हणून उसवला," ताई शांतपणे म्हणाली. "आणि हिला विणायला येत नाही ना. हिनंच सांगितलं होतं सगळ्यांसमोर. म्हटलं, आता आई झाली, शिकेल."

आई पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ताईनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, घुगऱ्यांचा द्रोण घेतला आणि बायकांत जाऊन बसली.

माझ्या मुलानं पहिली थंडी बाजारच्या स्वेटरात काढली. गुंडे माळ्यावर आहेत, तसेच. कुणी विचारलंच, तर मी सांगते, मला विणायला येत नाही.