एकतीस फूट, पूर्वेकडून

इंदूर शहरात जेवढी म्हणून काळजी होती, तिच्यातली निम्मी माझी आत्या एकटी वाहायची; उरलेली निम्मी इतर लोक नीट वाहतायत की नाही, याची काळजीही तिलाच. कापडमिलच्या ड्रॉइंग ऑफिसात तिनं एकोणीस वर्षं नकाशे ट्रेस केले. एका सकाळी डबा घेऊन गेली, तर फाटकाला कुलूप. तेव्हापासून आज उघडं असलेलं दार उद्या उघडं असेल, यावर तिचा भरवसाच उरला नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती कॉम्प्युटर शिकली आणि तुकोगंजमधल्या एका छोट्या ऑफिसात लागली. सर्व्हेअर प्लॉटची मापं लिहून आणायचा; आत्या ती टाकून पडद्यावर प्लॉटची आकृती उभी करायची आणि वाटणीप्रमाणे तिचे तुकडे पाडायची. एक फाइल ती सात वेळा सेव्ह करायची. टेम्पोत बसल्यावर आठवी वेळ आठवायची, मग उतरून परत. पडद्यावर क्षेत्रफळ आपोआप येत असे, तरी ती तुकड्यांची बेरीज कॅलक्युलेटरवर करून बघायची. मी हसले की म्हणायची, "कॉम्प्युटरला काय टेन्शन! त्याला ना भाऊ, ना घर. वाटणी काय असते ते त्याला काय माहीत?" तिच्या या धास्तीची घरात सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की ती घाबरली म्हणजे सगळं ठीक आहे, असंच आम्ही धरून चालायचो.

म्हणून त्या रविवारी पोळी लाटता लाटता ती थबकली, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही.

"अगं, एकतीस फूट पूर्वेकडून होते. मी पश्चिमेकडून तर नाही ना घेतले?"

"बेरीज बघितली होतीस ना?"

"बेरीज तर दोन्हीकडून बरोबरच येणार गं! रेघ कुठेही मारली तरी प्लॉट तेवढाच." तिनं लाटणं बाजूला ठेवलं. "उद्या वाटणीची रजिस्ट्री आहे त्या दोघा भावांची. चल जल्दी, मोपेड काढ."

सांवेर रोडच्या कारखान्यांमागे दोघा भावांचा तो प्लॉट होता. पूर्वेला थोरला, पश्चिमेला धाकटा, मध्ये भिंत. वाटणी त्या भिंतीवरूनच व्हायची होती. आत्यानं पर्समधून टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं. पूर्वेच्या कोपऱ्यापासून भिंत बरोबर एकतीस फुटांवर. मग थोरल्याकडचा नकाशा मागून बघितला. रेघ भिंतीपलीकडे, पश्चिमेला आठ फूट सरकली होती. धाकट्याचं पाण्याचं बोरिंग थोरल्याच्या हिश्श्यात गेलं होतं.

थोरल्यानं नकाशा हलकेच परत ओढला. "कागज़ पे जो है सो ठीक है, बहनजी. कंप्यूटर से निकला है."

धाकटा एका कारखान्यात फिटर. तो नुसता कागदाकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि आत्या गप्प राहिली असती तर कळलंही नसतं. बोलली तर नोकरी जाईल, ही भीती होतीच. आयुष्यभर न झालेल्या चुकांना घाबरलेली ही बाई. आज खरी चूक समोर आल्यावर तिचा आवाज मात्र अजिबात कापला नाही.

"कंप्यूटर से नहीं भैया, मेरे हाथ से निकला है. गलत है. कल सुबह दूसरा दूँगी, ये वापस दो."

थोरल्यानं बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि नकाशा दिला.

सोमवारी आत्या साडेआठलाच ऑफिसात पोचली, मालकांना सगळं सांगून नकाशा दुरुस्त केला. मालक चिडले, पण नोकरी राहिली. रजिस्ट्री भिंतीवरूनच झाली.

पण मला आठवतो तो रविवारचा परतीचा रस्ता. मोपेडवर मागे बसून ती एकदम म्हणाली, "मिलमध्ये माझ्या प्रत्येक ड्रॉइंगखाली आणखी एक सही असायची गं. कोणीतरी तपासायचं. आता माझ्या हातून निघालं की सरळ लोकांच्या घरात जातं."

दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर मी तुकोगंजला उतरू लागले. तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून सर्व्हेअरच्या कागदावरची मापं मोठ्यानं वाचायचे, ती पडद्यावर बोट ठेवून मान डोलवायची. मला त्यातलं फारसं कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी शेवटचा आकडा वाचून झाला, की ती खुर्चीला पाठ टेकायची, आणि घटकाभर तिच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नसायची.