वरणातला गूळ आणि स्वल्पविराम

स्नेहल भोये गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासते. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधी अमेरिकन नियमपुस्तक स्वल्पविराम द्यायला सांगतं, ब्रिटिश बहुधा काढायला. खरं कोणतं ते तिला कळेना. पेठ तालुक्यातल्या शाळेतलं आपलं इंग्रजीच कच्चं, असं म्हणत ती स्वतःवर चिडायची. शेवटी तिने वरिष्ठ दिशाताईंना विचारलंच.

“माहेरचं वरण खरं की सासरचं?” त्यांनी उलट विचारलं. “पुस्तक ज्या घरचं, नियम त्या घरचा.”

एवढंच होतं तर. स्नेहलला एकदम हलकं वाटलं. समोरचं पुस्तक लंडनच्या प्रकाशकाचं होतं. तिने स्वल्पविराम काढला, हात धुतले आणि डबा उघडला. सासूबाईंनी वरणात नेहमीसारखा गूळ घातला होता. आज तिने ते नावं न ठेवता संपवलं.