चौकटीत न मावलेला परिच्छेद

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी एका माणसाच्या लेखाचा शेवट गिळला, आणि वर मिरवलेसुद्धा. तेव्हा मी पन्नाशीची होते आणि अंकाची पानं कॉम्प्युटरवर मीच लावायचे. कॉम्प्युटर आपल्याच माहेरी जन्मला, असा माझा तोरा.

शेजारच्या गृहस्थांनी नुकत्याच गेलेल्या बायकोवर लेख दिला होता. पानावर घेतला, तर सगळी जोडाक्षरं फुटलेली. मी ऐटीत फॉन्ट बदलला. अक्षरं सुरेख जुळली, पण नवा फॉन्ट रुंद होता, त्यामुळे शेवटचा परिच्छेद चौकटीत मावेना आणि दिसेनासाच झाला. मजकूर उरलाय हे सांगायला कोपऱ्यात अधिकचं लाल चिन्ह उमटलं होतं. बाईसाहेबांना ती नक्षी वाटली!

नवरा म्हणाला, "अगं, मूळ लेखाशी एकदा ताडून तरी बघ."

"मला शिकवू नका," मी म्हणाले.

अंक छापून वाटल्यावर चूक कळली. त्यांच्या दारात माफी मागताना माझी मान वर होईना. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, छापून आलं ते सगळं तिचं आजारपण आहे. ती हसायची कशी, ते शेवटी लिहिलं होतं हो."