मोबाइलकडे सुट्टीचा अर्ज

आमचे हे फौजेतून पेन्शनवर आले, गाडी घेतली आणि साताऱ्यात मोबाइलवरून येणारी भाडी मारायला लागले. कंपनीने सांगितलं होतं, वेळ तुमची, मर्जी तुमची, वर साहेब कुणी नाही. मी मनात म्हटलं, चला, आता तरी जत्रेला घरचा माणूस घरी दिसेल.

वडूजजवळच्या आमच्या गावात पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा. पालखी दारात आली की सुनेने खांदेकऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं. लग्न झाल्यापासून मी ते चुलत दिराच्याच पायांवर घालत आले. दरवर्षी सासूबाई विचारायच्या, "सायबानं सुट्टी दिली न्हाई व्हय?" आणि मी मान हलवायची.

यंदा ह्यांनी जत्रेच्या कितीतरी आधी अर्ज केला. कुणाकडे? मोबाइलकडे! 'मदत' लिहिलेल्या खिडकीत टंकलं: 'विषय: गावच्या जत्रेसाठी सुट्टी मिळणेबाबत.' खाली हुद्दा, पलटणसुद्धा.

"आवं, तिथं मानूस न्हाई कुनी," मी म्हटलं.

"न सांगता गेलं की भगोडा ठरवत्यात. तुला काय कळतंय!"

उत्तर क्षणात आलं. 'आपणच आपले साहेब आहात. सुट्टीच्या परवानगीची गरज नाही. आपला दिवस शुभ असो.' इतकं गोड तर माझ्या माहेरचंही कुणी ह्यांच्याशी बोललेलं नाही. ह्यांनी ते पारावर सगळ्यांना दाखवलं. मीही पाणवठ्यावर मिरवलं, खोटं कशाला बोलू.

पालखीच्या सकाळी ह्यांनी फेटा बांधला आणि खिशातला मोबाइल वाजला. 'काल आपण गाडी बंद ठेवली. आजही बंद राहिल्यास लांबची भाडी इतरांना दिली जातील. निर्णय आपला आहे.' आमची गाडी पोसतात ती पुण्याची भाडीच. हे अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. पुन्हा अर्ज लिहिला, की सुट्टी आधीच मंजूर आहे. पुन्हा तेच गोड उत्तर, शुभ दिवसासकट.

मला असा संताप आला की वाटलं, तो मोबाइल हंड्यात बुडवावा. पण हंडा पालखीसाठी भरलेला, म्हणून मोबाइल वाचला. ह्यांनी फेटा उतरवून गाडीत ठेवला आणि साताऱ्याची वाट धरली. मोबाइलला सलाम ठोकायचा तेवढा बाकी राहिला.

ढोल दारात आले. पुढच्या दांडीला चुलत दीर. मी वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि मला रडूच आलं.

"सायबानं सुट्टी दिली न्हाई व्हय?" सासूबाईंनी सवयीने विचारलं. मग त्यांच्याच लक्षात आलं.

"आगं, पर औंदा त्योच सायेब हाय म्हनत हुतीस न्हवं? मग आडवलं कुनी?"