ठोकेकाकाचा हात

माझ्या काकाला सारं गाव ठोकेकाका म्हणतं. तो पत्र्याच्या टाक्या आणि पेट्या बनवतो. दिवसभर ठोकाठोक. त्यामुळे त्याला ऐकू कमी येतं आणि तो बोलतो मोठ्यानं. त्यानं कानात सांगितलेली गोष्ट चौकापर्यंत जाते. हट्टी तर इतका की काकू म्हणते, "यांच्या डोक्यापेक्षा पत्रा बरा, ठोकला तर वाकतो तरी."

त्याच्या कारखान्याला लागून मोकळी जागा आहे. गावानं ती उद्योगधंद्यांसाठी राखून ठेवली होती. धंदा काही आला नाही, गवत मात्र आलं. आता तिथे घरं बांधू द्यायची का, हे ठरवायला समोरच्या शाळेत गावाची सभा बसली. हात वर करून मत द्यायचं. समसमान मतं पडली तर जागा आहे तशीच राहणार. मी सासरहून चार दिवस आलेली, मला मत नव्हतं, पण घरी बसवेना.

काकू आधी उठली. "माझी लेक, जावई, दोन नातवंडं आमच्या पुढच्या खोलीत राहतात. पाणी प्यायला उठलं तर कुणाच्या तरी अंगावर पाय पडतो. गवताला जागा आहे, लेकरांना नाही?"

तिचं खरं होतं. म्हणूनच मला धडकी भरली.

मग काका. "घरं झाली की पहिली तक्रार माझ्यावर. शेजारच्या गावात गिरणीला लागून घरं झाली, वर्षाच्या आत गिरणीला कुलूप. मग त्या लेकरांना खायला काय घालू, पत्रा?"

"कसली तक्रार?" दूधवाला म्हणाला. "आम्ही एवढा वेळ इथे बसलोय. कुठे आहे तुमचा आवाज?"

सगळे कान देऊन बसले. चिडीचूप. अरे, आवाज येणार कुठून? ठोकणारा तर सभेत होता! मी तोंड उघडणार, तोच काका तरातरा बाहेर पडला. "रुसले," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. मला त्या सगळ्यांचा मनस्वी राग आला.

मग पहिला घाव पडला. खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसरा, तिसरा. हसणं थांबलं. दूधवाल्यानं कानांवर हात दाबले. कुणाचं बोलणं कुणाला कळेना. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि अध्यक्षांनी नुसत्या खुणेनं सांगितलं, हात वर करा.

मी धावत सुटले. कारखान्याच्या दारातून "काका!" म्हणून बोंब मारली. त्याची पाठ माझ्याकडे, हातोडा चालूच. शेवटी त्याचा दंड धरून ओढला.

"ऐकू आलं ना त्यांना?" तो खुशीत म्हणाला.

"मतं घेताहेत, काका! चला!"

आम्ही शाळेच्या दारात पोचलो तेव्हा हात खाली येत होते. घरांच्या बाजूनं एक मत जास्त पडलं होतं. काकानं तिथूनच हात वर केला, हातोड्यासकट. अध्यक्षांनी मान हलवली. मोजणी झाली होती.

काकू जिंकली होती, पण ती जागेवरून उठली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. काका तिच्याशेजारी जाऊन बसला आणि, त्याच्या मते अगदी हळू, म्हणाला, "लेकीला सांग, कारखान्याला लागून असलेलं घर घे. ती तरी तक्रार करणार नाही."

साऱ्या सभेला ऐकू गेलं.