पावण्यांचा देश

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीतल्या ओतकामाच्या साच्यांची काळी वाळू कुठेही सापडते. कॉलरमध्ये, जेवणाच्या डब्यात, लॅपटॉपच्या बटणांखाली. आमच्या ऑफिसातले किस्से तसेच आहेत. झटकले तरी थोडे उरतातच.

परदेशात शिकत असताना माझं ठाम मत झालं होतं की जगाने ज्या देशांकडे पाठ फिरवली आहे तिथेच आधी गुंतवणूक व्हायला हवी. परत आले ती माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या फौंड्रीतून हेच करायचं ठरवून. वाटलं होतं, जगाच्या राजकारणाशी भांडावं लागेल. भांडावं लागलं ते अण्णांशी!

अण्णा म्हणजे आप्पांचे निपाणीचे भागीदार. जैन, घरचा तंबाखूचा व्यापार. ते हो म्हणाल्याशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा हलत नाही. माझा बेत असा होता की अशाच एका एकट्या पडलेल्या देशात आमच्या पाण्याच्या पंपांची जुळणी सुरू करायची.

पहिल्याच मीटिंगमध्ये नवख्या, जोखमीच्या बाजारपेठेला म्हणतात त्या 'फ्रंटियर मार्केट'चं मी सोपं मराठी केलं, "सीमेवरची बाजारपेठ."

अण्णांनी चष्मा काढला. "निपाणीत आमचं दुकान हायच की! आनि किती सीमेवर जायाचं?"

* * *

मग मी जगाचा नकाशा दाखवला. जिथे राजकीय धोका जास्त, तो देश लाल. धोका कसा मोजतात तेही सांगितलं. प्रदेशावर दोघांचा दावा आहे का, भाषेवरून भांडणं होतात का, वातावरण तापलं की सीमेवर गाड्या थांबतात का.

आप्पा आणि अण्णा एकमेकांकडे बघायला लागले.

"पोरी," अण्णा म्हणाले, "मग ह्यात बेळगाव कुठल्या रंगात?"

आमच्या गेटवरच्या पाटीची मराठी अक्षरं, कुणीतरी काळं फासल्यामुळे, नुकतीच दुसऱ्यांदा रंगवून घेतली होती.

"लाल कर, लाल कर," आप्पा म्हणाले. "आम्हाला भीती फक्त काळ्या रंगाची!"

* * *

त्या देशावर जगाने बंदी घातली होती, तरी पाण्याच्या पंपांना ती लागू नव्हती. पण त्या देशाचं नाव काढलं की बँकेतला साहेब खुर्चीसकट मागे सरकायचा. मग आप्पांनी नावच घ्यायचं सोडलं. ऑफिसात सगळेजण त्या देशाला 'पावणं' म्हणायला लागले.

"पावण्यांचा फोन आला का?" "पावणं कधी येणार?" "पावण्यांच्या अटी लई हायत." असं दिवसभर चालायचं. आमचे फोरमन परशरामदादा हे सगळं ऐकत होते. ते राहायला अनगोळला, माझ्या आत्याच्या शेजारी.

रविवारी आत्या पेढे घेऊन हजर! मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "पावणं परदेशातलं हाय म्हणं. असू दे. पर बंदी घातलीया त्यांच्यावर, हे खरं व्हय?"

"खरं आहे," मी म्हणाले.

आत्याने पेढ्यांचा डबा पुन्हा झाकला. "कुनी गं? समाजानं?"

* * *

अण्णांचा नकार मात्र कायम होता. मी एकदा चिडून म्हणाले, "अण्णा, तिथले लोक विहिरीतून बादलीने पाणी काढतात. त्यांच्या सरकारचं भांडण त्यांनी का भोगायचं?"

अण्णा म्हणाले, "तू त्यास्नी बघितलंयस?"

"नाही."

"मग बोलीव की हिकडं. न बघता पावणं पसंत करत्यात व्हय?"

* * *

आणि पावणं खरंच आलं. तिथल्या कंपनीचे मालक, एक उंच, थकलेले गृहस्थ, आणि त्यांचा दुभाषा. अण्णांची अट एकच होती, की पंपाचे भाग आपण पाठवू, पण तिथे इमारत बांधणार नाही. पाहुण्यांना मात्र आमच्या खर्चाने उभा राहिलेला अख्खा कारखाना हवा होता. दुपारभर ते इंचभर सरकले नाहीत. मी दोन्ही बाजूंना विनवत होते.

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. दिवस मावळतीला आलेला. ते उठले, हात जोडले आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेले. सूर्यास्ताच्या आत जेवायचा त्यांचा नेम.

पाहुण्यांना हे कोण सांगणार? त्यांचा चेहरा उतरला. दुभाष्याशी भराभर कुजबुज झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"शेड आम्ही बांधू," दुभाषा म्हणाला. "पण पहिलं वर्ष तुमचा एक माणूस तिथे राहायला हवा. पैसे पाठवणारे पुष्कळ भेटतात, राहायला कोणी येत नाही. साहेब म्हणतात, आता उठून गेले तेच हवेत!"

अण्णा तोंड पुसत वर आले. आप्पांनी सगळं सांगितलं. अण्णा गंभीर झाले.

"इचार त्यास्नी, तिकडं दिवस कधी मावळतोय?"

दुभाष्याने विचारलं. "हिवाळ्यात चारच्या आधी."

"चारच्या आदी जेवायचं? मग उरल्याली रात काय करू?" अण्णा खाली बसले. "माणूस मिळाला तर पाठवू. न्हायतर ऱ्हायलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने निपाणी गाठली. अण्णा ओसरीवर चहा घेत होते.

"अण्णा, तुम्ही नको. मी जाते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कप खाली ठेवला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "शेंगाची चटणी कुटायला घ्या गं! वर्साची!"