गोळी गोल का निमुळती

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाईक दिवसाला दोन येतात आणि बसणारे सात. त्यामुळे माल हळू संपतो, पण गोष्टी भराभर साठतात. हिंगोलीत माझं दुकान सरकारी परवान्याचं. आमच्या भागात शेतराखणीला ठासणीची बंदूक. वरून दारू ओतायची, गोळी ठासायची, मागं तांब्याची बारकी टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते आणि बार होतो. दोन-तीन जुन्या वाड्यांत याच जातीची, चक्रात गोळ्यांची सहा घरं असलेली रिव्हॉल्वरं होती, निजामाच्या काळातली. शाळा माझी सातवीपर्यंत, पण गोळी कोणती घ्यायची हे विचारायला माणसं तीन तालुक्यांतून यायची. जोडीला आमचे मिस्त्री गफूरचाचा.

*

कळमनुरीकडच्या तांड्यावरचे नाईक पहिल्यांदा आले ते चुकून शेजारच्या कापडवाल्याकडे शिरले.

"शेटजी, शंभर टोप्या द्या."

"लग्न हाय का घरात?"

"लग्न कशाचं? डुकरं येऊन राहिली भुईमुगात."

शेटजींनी माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं. "डुकरालाबी टोपी घालणारा माणूस तिकडं बसतो."

इतक्या वर्षांत माझी एवढी चोख जाहिरात कुणी केली नाही.

*

नव्वदच्या आसपास पहिलं रिव्हॉल्वर माझ्या हाती आलं, तेव्हा मीही नवाच. निमुळती गोळी दिसायला झोकदार, म्हणून तीच दिली. पाच बसल्या. सहावी वाकडी बसली, तिचं नाक घराच्या बाहेर आलं आणि चक्रच फिरेना. गिऱ्हाईक समोर उभं.

गफूरचाचांनी अर्धा तास खपून ती काढली. मी म्हणालो, "चाचा, गोल गोळी कधी अशी अडत न्हाई. काहून?"

"गोल गोली को मुँहच नहीं," चाचा म्हणाले. "टेढ़ा क्या होयेगा?"

त्या दिवसापासून मी आधी घराचं माप घ्यायला शिकलो. गोल गोळी घरापेक्षा केसभर मोठी हवी. ठासताना कडेनं शिशाची बारीक कडी सुटून आली, की समजायचं, बसली बराबर. ही कडी बघायला पुढं परभणीहून लोक यायचे.

*

औंढ्याचे बापूराव हट्टाचे. त्यांना आपल्या बंदुकीला टोकदारच गोळी पाहिजे. "गोल गोळीला रानडुक्कर भीत न्हाई," म्हणायचे. मी म्हटलं, डुक्कर आवाजाला भितं, त्याला गोळी कुठं दिसते? ऐकेनात. दिल्या.

चार दिवसांनी परत आले. गोळी चिमटीत धरून, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"शेठ, एक इचारायचं राहिलं. टोक डुकराकडं करायचं का माझ्याकडं?"

गफूरचाचांनी कानशीवरची नजर काढली नाही. "जिसका हिसाब करना है, उसकी तरफ."

बापूराव गोल गोळ्या घेऊन गेले.

*

नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. नरसीजवळच्या एका गावच्या काकू आल्या, साठी ओलांडलेल्या. मालक वर्षापूर्वी गेलेले. घरातल्या जुन्या रिव्हॉल्वरचं लायसन त्यांना स्वतःच्या नावावर करायचं होतं. लायसन देणाऱ्या साहेबांनी सांगितलेलं, सहाच्या सहा गोळ्या आमच्यासमोर उडवून दाखवा. हत्यार अडलं तर नादुरुस्त धरून जमा करू.

"बाकी समदं पोरांनी वाटून घेतलं, भाऊ," काकू म्हणाल्या. "हे तेवढं मला पाहिजे."

त्यांनी पिशवीतून गोळ्या पाडायचा साचा काढला. त्याला दोन खळ्या, एक गोल, एक निमुळती. गफूरचाचा म्हणाले, गोल. मीही तेच म्हणणार होतो.

"निमुळती," काकू म्हणाल्या. "गोल जरा उजवीकडं ओढती."

मालकांनी कधी सांगितलं असेल, असं मी धरलं. पण ऐकीव गोष्टीवर मी माल देत नाही. भिंग घेऊन रिव्हॉल्वरची ठासायची दांडी पाहिली. तिच्या टोकाची खळी खोल आणि आत निमुळती होत गेलेली. गोल गोळी नुसती काठावर टेकत होती. निमुळतीचं नाक मात्र आत असं बसलं, जसं निरांजनात फुलवात. ज्यानं हत्यार घडवलं, त्यानं जवाब तिथंच कोरून ठेवला होता.

"चाचा, काकूंचं बराबर हाय. निमुळती."

चाचांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मला परत दिलं. "आज तू उस्ताद."

हे वाक्य मी आजवर कितीजणांना ऐकवलंय, त्याला मोजदाद नाही.

सहा गोळ्या मी हातानं निवडल्या, एकेक सरळ बसवली. मैदानावर साहेब, दोन शिपाई, चाचा आणि मी. लायसन काकूंच्या नावावर व्हायचं, म्हणून उडवायच्याही त्यांनीच. माझं सगळं लक्ष चक्राकडं. काकूंनी पदर कमरेला खोचला, हात लांब केला आणि न थांबता सहा बार काढले. चक्र एकदाही अडलं नाही.

साहेब निशाणाच्या फळीपाशी गेले. सहाही भोकं तळहाताएवढ्या जागेत. ती बोटानं मोजून ते परत आले.

"काकू, मालक मोठे नेमबाज असतील."

काकूंनी रिव्हॉल्वर पदरानं पुसलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मालक लायसनदार होते."